दोन कांड्या रेंज आणि मूठभर वाल

(गावात नव्यानं राहायला आलेल्या आणि मुळातच गावात असलेल्या श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, जूनचा दुसरा आठवडा आला, चार सरी पडून गेल्या, की कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या व्हॉट्सॲप गटांवर एक प्रश्न हमखास उगवतो: "ही कुठली भाजी? खाल्ली तर चालेल का?" सोबत एक फोटो. त्यात हिरवं काहीतरी, मागे कुणाचा तरी पाय, भिंगावर पाण्याचा थेंब. पाच मिनिटांत सहा उत्तरं येतात आणि सहाही वेगळी. विचारणारा गोंधळतो, ज्याचं उत्तर मानलं नाही तो रुसतो, आणि गट पुन्हा शुभसकाळच्या गुलाबांवर येऊन थांबतो.

शहर सोडून आलेली माणसं, गावातच राहून शिकलेली मुलं आणि चार डोंगर पलीकडची तशीच मंडळी यांच्या ओळखी आता पाणंदीवर कमी आणि फोनवर जास्त होतात. त्यात वाईट काही नाही. आपल्या वाडीत पडवळाचं जुनं बियाणं कुणाकडे उरलेलं नसेल आणि दोनशे किलोमीटरवरच्या एका अनोळखी बाईंकडे असेल, तर त्या बाई आपल्या शेजारीणच. माझं म्हणणं एवढंच, की ही मैत्री टिकते ती नेमकं बोलण्यावर. तारीख, जागा, माप, आणि जमलं तर टपालानं पाठवलेलं बियाणं. आज त्याचाच तपशील सांगणार आहे.

फोटोपासून सुरुवात करू. झाड ओळखून हवं असेल तर एक फोटो कधीच पुरत नाही. आधी अख्खं झाड, आजूबाजूच्या जागेसकट. मग पानाची वरची बाजू आणि खालची बाजू, दोन्ही वेगवेगळ्या. खालच्या बाजूला लव आहे की नाही, शिरा कशा उठल्यात, यावर निम्मी ओळख ठरते. मग पान खोडाला जिथं चिकटतं तो सांधा, कारण पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे तिथंच कळतं. फूल, फळ, शेंग असेल तर ते जवळून. यातल्या एका तरी फोटोत नाणं किंवा काडेपेटी ठेवा, नाहीतर वीतभर पान आणि बोटभर पान सारखंच दिसतं. मजकुरात तालुका, तारीख आणि जागा लिहा: कातळ, शेताचा बांध, ओढ्याचा काठ, की घरामागची सावली. देठ मोडल्यावर चीक येतो का, आला तर पांढरा की पिवळा, हेही लिहा. चव मात्र घेऊ नका. अनोळखी पान जिभेवर ठेवून बघण्याची काही लोकांना खोड असते.

हे सगळं कशासाठी, तर फोडशीचं उदाहरण घ्या. पहिल्या पावसानंतर उगवणारी फोडशी, कुणी तिला कुलू म्हणतात, गवतासारख्या लांब पानांची. त्याच दिवसांत, त्याच उतारावर कळलावीचे कोंब वर येतात. कळलावीच्या कंदापासून बियांपर्यंत सगळ्यात कोल्चिसिन हे विष असतं. मोठ्या कळलावीची ओळख सोपी आहे, पानाचं टोक लांबून तणाव्यासारखं गुंडाळतं. पण अगदी कोवळ्या कोंबाच्या खालच्या पानांना ती गुंडाळी नसते. म्हणून फोटो कोवळ्या कोंबाचा असेल, तर जाणकारानं उत्तर देऊ नये आणि विचारणाऱ्यानं रागवू नये. "आठ दिवस थांबा, पुन्हा फोटो टाका" हे उत्तर पूर्ण उत्तर आहे.

भाजी बरोबर ओळखली तरी काम संपत नाही. शेवळं ओळखायला सोपी, पण त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांचा भरणा असतो. घशाला खाज सुटते ती त्यांनी. म्हणून शेवळांबरोबर काकडाची आंबट फळं लागतात, नाहीतर चिंच किंवा कोकम. वरचं आवरण आणि आतला पिवळसर दाणेदार भाग काढून टाकायचा, बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं, मग आंबट घालून शिजवायचं. गटावर कुणी "शेवळाची भाजी केली" एवढंच लिहिलं आणि आंबटाचं लिहिलं नाही, तर वाचणाऱ्यांपैकी एकाच्या तरी घरी संध्याकाळी घसे धरले जाणार. पाककृती अर्धी सांगणं हे न सांगण्यापेक्षा वाईट.

अळंब्यांबाबत मी कडक बोलणार आहे. फोटोवरून ओळखलेली अळंबी खायची नाही. कुणीही ओळखलेली असो. वारुळाच्या जागी येणारी रोवणं खरी की नाही, हे उपटून बघितल्याशिवाय कळत नाही. त्यांचा दांडा जमिनीत मुळासारखा लांब जातो, थेट वाळवीच्या घरापर्यंत. वरून काढलेल्या फोटोत तो दिसणारच नाही. कुरणात, अंगणात येणारी पांढऱ्या छत्रीची एक विषारी अळंबी लांबून अगदी खाण्यासारखी दिसते. तिची छत्री कापून रात्रभर पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली, तर सकाळी कागदावर हिरवट भुकटी पडते. ती खाल्ली तर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. ज्या अळंब्यांचा त्रास सहा तासांनंतर सुरू होतो त्या अधिक घातक, कारण तोवर विष यकृतापर्यंत पोचलेलं असतं. तेव्हा "काल रात्री खाल्ली, आज सकाळी बरं वाटत नाही" असा निरोप गटावर आला, तर घरगुती उपाय सुचवू नका. गाडीची सोय करा.

सापाचंही तसंच. साप दिसला, अंतर आहे, तर फोटो काढा, विचारा, शिका. चावला असेल तर फोनचं काम एकच: १०८ ला किंवा गाडीवाल्याला फोन. आपल्याकडे मिळणारी सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर चालते, आणि ती द्यायची की नाही हे डॉक्टर लक्षणांवरून आणि रक्तावरून ठरवतात. दोन मिली रक्त कोरड्या काचनळीत वीस मिनिटं ठेवून ते गोठतं का बघतात. त्यामुळे सापाचा फोटो नसला तरी अडत नाही, पण फोटोच्या नादात गेलेला अर्धा तास परत येत नाही. चावलेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवायचा. आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पहाटे पापण्या मिटायला लागल्या, पोटात दुखलं आणि अंगावर जखम दिसत नसेल, तरी मण्यारीचा संशय धरायचा. तिचा चावा बऱ्याचदा कळतच नाही. हा परिच्छेद गटाच्या वरच्या भागात कायमचा चिकटवून ठेवा.

आता फोटो पाठवण्याबद्दल. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेला फोटो आक्रसतो, आणि त्यात दडलेली तारीख व जागेची माहिती पुसली जाते. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला, तर मूळ आकार राहतो आणि माहितीही तशीच जाते. किड्याच्या पायावरचे केस दाखवायचे असतील तर दुसरा मार्ग. घुबडाचं घरटं दाखवायचं असेल तर पहिला, कारण दुसऱ्या मार्गानं घरट्याचा नेमका पत्ताच तुम्ही चारशे जणांना वाटता.

गटापलीकडे जायचं असेल तर झाडं-प्राण्यांच्या नोंदींसाठी आयनॅचरलिस्ट आणि पक्ष्यांच्या नोंदींसाठी ईबर्ड ही दोन संकेतस्थळं आहेत. आयनॅचरलिस्टवर टाकलेल्या नोंदीला फोटो किंवा आवाज, तारीख आणि जागा असेल, आणि ओळखणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांचं, किमान दोघांचं, एकमत झालं, तर ती नोंद संशोधनाला वापरण्याजोगी धरतात. ओळखून देणारे तिथंही फुकट काम करणारे शौकीनच असतात. कुणी तुमचा कोळी ओळखून दिला, तर आभार मानून थांबू नका. त्यानं विचारलेला पुढचा फोटो काढून द्या. बऱ्याच चांगल्या मैत्र्या अशा दुसऱ्या फोटोपासून सुरू होतात. जागा लपवायची सोयही तिथं आहे. ती निवडली की नोंद साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठंतरी टाकलेली दिसते. दुर्मीळ जातींच्या बाबतीत हे आपोआप होतं.

पक्ष्यांचा आवाज ओळखणारं मर्लिन पुष्कळांच्या फोनवर आहे. कामाचं आहे, पण आपल्याकडे भृंगराज आहे हे विसरू नका. तो इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो. घरामागं भृंगराज बसला असेल, तर ॲप अर्ध्या तासात इतके पक्षी दाखवेल, जितके त्या रानात वर्षभर येत नाहीत. ॲपनं सुचवलेलं नाव ही चौकशीची सुरुवात माना आणि डोळ्यांनी पाहिल्याशिवाय यादीत घालू नका.

ज्यांना पक्षी-किड्यांच्या मागे धावायला वेळ नाही, त्यांच्यासाठी एक सोपं काम आहे. दारातलं एक झाड निवडायचं, फणस, आंबा, बहावा, काहीही, आणि आठवड्यातून एकदा त्याची कोवळी पानं, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकली फळं नाहीत, थोडी आहेत की खूप आहेत, एवढं लिहायचं. सीझनवॉच नावाचा उपक्रम देशभर हेच करतो. वेगवेगळ्या तालुक्यांतल्या पाच मित्रांनी प्रत्येकी एक बहावा धरला, तर दोन वर्षांत बोलायला विषय शोधावा लागत नाही.

आता रेंजकडे येतो, कारण हे सगळं तिच्यावर अवलंबून. पावसाळ्यात घरात वीज नसतानाही राउटर चालू ठेवता येतो, आणि त्याचा हिशेब साधा आहे. घरगुती राउटर आणि फायबरचा डबा मिळून साधारण १० ते १५ वॅट घेतात. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची छोटी शिशाची बॅटरी म्हणजे ८४ वॅट-तास. पण ती निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून हातात ४२. म्हणजे तीन ते चार तास. तेवढ्याच आकाराची लिथियम फॉस्फेट बॅटरी जवळजवळ पूर्ण वापरता येते, ती पाच ते आठ तास देते. बरेच जण बॅटरीला सोलर जोडतात आणि जुलैत निराश होतात. एप्रिलमध्ये ५० वॅटचं पॅनल दिवसाला दोनशे वॅट-तासांच्या वर देतं. भर पावसात त्याच पॅनलकडून पन्नास मिळाले तरी खूप. पावसाळ्यासाठी पॅनल घ्यायचं असेल तर उन्हाळ्याच्या हिशेबाच्या चौपट घ्या, नाहीतर बॅटरी मोठी घ्या आणि वीज असेल तेव्हा भरून ठेवा.

इतकं करूनही तिसऱ्या दिवशी इंटरनेट जातं, आणि लोक राउटरला शिव्या देतात. बिघाड तिथं नसतो. मोबाइलच्या टॉवरलाही वीज लागते, त्याच्या बॅटऱ्या काही तासांच्या असतात, आणि दरड पडून रस्ता बंद झाला की डिझेल पोचत नाही. तुमच्या घरातला दिवा चालू आणि पलीकडचं टोक अंधारात, अशी ती स्थिती. त्यावर उपाय यंत्राचा नाही, बोलीचा आहे. पावसाळ्याआधीच ठरवून टाका: अमुक वारी, अमुक वेळी एक साधा एसएमएस, 'ठीक आहे'. एसएमएसला डेटा लागत नाही, एक कांडी रेंज असली तरी तो जातो. दोन आठवडे आला नाही तर कुणाला फोन करायचा, त्या माणसाचा नंबरही ठरवून ठेवा. चार दिवस कुणी दिसलं नाही म्हणून गटावर हाकाटी करणं आणि महिनाभर कुणालाच पत्ता नसणं, दोन्ही यानं टळतं.

कमी रेंजमध्ये आवाजी निरोप सोयीचा. मिनिटाभराचा निरोप शे-दीडशे केबीत बसतो, मिनिटाभराचा व्हिडिओ कित्येक एमबी खातो. फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवून घेण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, नाहीतर पहाटे मिळालेली दोन कांड्या रेंज दुसऱ्याच्या गुलाबांवर खर्च होते. मोठ्या फायली पहाटे पाठवा, टॉवरवर गर्दी नसते.

विजेचं सांगतो. गडगडाट सुरू झाला की राउटरचा अडॅप्टर भिंतीतून काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. "आमचं फायबर आहे, काचेतून वीज येत नाही" असं लोक म्हणतात. काचेतून येत नाही हे खरं, पण खांबावरून घरापर्यंत आलेल्या केबलला ताण सोसायला बऱ्याचदा पोलादी तार असते आणि अडॅप्टर तर थेट वीजवाहिनीला जोडलेला असतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलेलं दामिनी हे ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. ते फोनमध्ये ठेवा, पण ढग दिसत असताना ॲपची वाट बघत शेतात उभं राहू नका.

आता माझा आवडता भाग. बियाणं.

गटांवर बियाण्यांची देवघेव जोरात चालते, आणि तिच्यातच सगळ्यात जास्त मनं दुखावतात. "तुम्ही पाठवलेलं उगवलंच नाही." "उगवलं, पण भलतंच निघालं." ही दोन वाक्यं. पहिल्याचं कारण बहुतेक वेळा ओलावा असतो, दुसऱ्याचं परागीकरण.

ओलाव्याचं बघू. बी टिकतं ते कोरडं आणि थंड राहिलं तर. बियातला ओलावा एका टक्क्यानं कमी केला की त्याचं आयुष्य ढोबळमानानं दुप्पट होतं; साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरवलं तरी तसंच. कोकणात जुलैत हवेत आर्द्रता ८५-९० टक्के असते. मे महिन्यात कडकडीत वाळवलेलं बी जुलैत तासाभरासाठी उघडं ठेवलं तरी ओलावा ओढू लागतं. म्हणून बरण्या मेच्या मध्यापर्यंत बंद व्हायला हव्यात, आणि पावसात उघडायच्या नाहीत. पाठवायचं बी आधीच छोट्या पुड्यांत बांधून ठेवा.

वाळवायचं कुठं? काळ्या ताडपत्रीवर भर दुपारी नाही. चाळिशीच्या वर तापमान गेलं की अंकुर मरायला लागतो. सकाळचं ऊन, सुपात किंवा कापडावर, आणि दुपारी सावलीत. वाळलं की नाही याची परीक्षा: काकडी-भोपळ्याचं बी वाकवलं तर वाकू नये, कटकन मोडावं. वालाचा दाणा दाताखाली धरला तर दाताचा वळ उमटू नये. शेवटचा ओलावा काढायला चुलीवर कोरडे भाजून गार केलेले तांदूळ बरणीत तळाला घाला, वर कापडाच्या पुडीत बी. तांदूळ बियाण्याच्या दुप्पट तरी हवेत. सिलिका जेल असेल तर बियाण्याच्या वजनाइतकं पुरतं. त्याचा रंग बदलला की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं.

कडधान्याला भुंगेरा लागतो तो बरणीत शिरून नव्हे. मादी शेतातच शेंगेवर अंडी घालते आणि अळी दाण्याच्या आत बसून घरी येते. म्हणून बरणी कितीही घट्ट असली तरी दोन महिन्यांनी दाण्याला भोकं दिसतात. चुलीची चाळलेली राख भरपूर मिसळावी. चिमूटभर नव्हे, चार मापं दाण्याला तीन मापं. नाहीतर किलोला चमचाभर, म्हणजे ५ मिली, खाद्यतेल चोळावं. त्यानं अंडी गुदमरतात. फ्रीझर असेल तर नीट वाळवलेलं बी बंद डब्यात आठवडाभर तिथं ठेवावं. ओलं बी फ्रीझरमध्ये ठेवलं तर भुंगेऱ्याबरोबर बीही मरतं. बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडायचा नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, नाहीतर आत पाणी सुटतं.

पाठवण्याआधी उगवण तपासा. वीस दाणे ओल्या सुती कापडात गुंडाळा, कापड ओलं ठेवा, वाल-चवळीला सात दिवस, मिरची-वांग्याला चौदा. सोळा उगवले तर ८० टक्के, पाठवायला हरकत नाही. बारा उगवले तर पुडीवर तसं लिहा, घेणारा दाट पेरेल. दहाच्या खाली गेलं तर पाठवू नका, स्वतःच्या परसात लावून नवं बी धरा.

आता "भलतंच निघालं" याबद्दल. वाल, चवळी, भात, टोमॅटो ही बहुतांशी स्वतःच्याच परागांनी फळतात. शेजारी दुसरी जात असली तरी फार बिघडत नाही. मिरची-वांग्यात थोडी मिसळ होते. पण काकडी, दुधी, दोडका, पडवळ, लाल भोपळा आणि मका यांत मधमाश्या, पतंग आणि वारा दूरदूरचे पराग आणतात. काकडी शुद्ध ठेवायची तर दुसरी काकडी किमान अर्धा किलोमीटर लांब हवी. वाडीत हे कुणाला जमणार? म्हणून हातानं परागीकरण करायचं. आदल्या दिवशी, उद्या उमलेल अशी एक मादी कळी आणि दोन नर कळ्या दोऱ्यानं बांधायच्या. मादी कळीखाली छोटं फळ असतं, नर कळीला नुसता देठ. फूल उमलायच्या वेळी दोरा सोडायचा, नर फुलाच्या पाकळ्या काढून टाकायच्या, पराग मादी फुलाच्या मधल्या भागावर घासायचे, आणि मादी फूल पुन्हा बांधून देठाला रंगीत दोरा लावायचा.

इथं वेळ चुकते. भोपळा आणि काकडी पहाटे-सकाळी उमलतात, घोसाळंही सकाळी. पण दोडका उमलतो दिवस कलताना, दुधी संध्याकाळी आणि पडवळ अंधार पडल्यावर. दोडक्याचं काम सकाळी करायला गेलं तर फूल मिटलेलं असतं आणि माणूस म्हणतो, हे काही जमत नाही. मग फळ वेलावर पूर्ण जून होऊ द्यायचं; भाजीला काढतो त्या फळातलं बी कच्चं असतं. लाल भोपळा काढल्यावरही तीन-चार आठवडे तसाच ठेवला तर बी भरतं. आणि दुधी किंवा दोडका कडू निघाला तर तो खाऊ नका आणि बीही वाटू नका. कडू दुधीचा रस प्यायल्यानं रक्तदाब उतरून माणसं अत्यवस्थ झाली आहेत.

किती झाडांचं बी पाठवायचं हाही प्रश्न असतो. वालाची वीस-तीस झाडं पुरतात. काकडी-दोडक्याचं बी वेगवेगळ्या वेलांवरच्या निदान पाच-सहा फळांतलं मिसळलेलं हवं. मक्याला शंभर ताटं लागतात. एका सुंदर लाल कणसाचं बी दहा जणांना वाटलं, तर दोन-तीन पिढ्यांत ताटं खुरटी होतात. संकरित पाकिटातून उगवलेल्या फळाचं बी तर वाटूच नका, पुढच्या पिढीत ते फुटून चार तऱ्हेचं होतं.

पुडीवर काय लिहायचं? स्थानिक नाव, गाव-तालुका, काढणीचा महिना आणि वर्ष, किती झाडांचं, शेजारी त्याच पिकाची दुसरी जात होती का, पेरणीची वेळ, उगवण, आणि राख-तेल काही लावलं असेल तर ते. पेरणीची वेळ विसरू नका. रायगडातले कडवे वाल भात कापल्यावर, जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर येतात. तेच वाल कुणी विदर्भात जूनमध्ये पेरले तर वेल माजतात आणि शेंगा धरत नाहीत, मग दोष पाठवणाऱ्याच्या माथी.

पाकीट पोस्टाच्या थैल्यांत दाबलं जातं, शिक्के बसतात. साध्या लिफाफ्यात घातलेला वाल फुटतो. कागदी पुडी, ती बंद होणाऱ्या छोट्या पिशवीत, आणि दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा. फणस, आंबा, कोकम, जांभूळ यांचं बी मात्र वाळवलं की मेलं. फणसाची आठळी धुवून, बुळबुळीत साल पुसून, ओलसर काथ्याच्या भुशात, भोकं पाडलेल्या पिशवीत, त्याच दिवशी पाठवायची, आणि मिळालेल्यानं त्याच दिवशी लावायची. रोपं पाठवायची असतील तर माती झाडून टाका, मातीबरोबर सूत्रकृमी आणि गोगलगाईची अंडी जातात.

चहाच्या वेळी एकांनी विचारलं, असं बी वाटणं कायद्यात बसतं का. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी राखणं, पेरणं, देवघेव करणं आणि विकणंही मोकळं आहे. संरक्षित वाणाचं बी मात्र ब्रँडचं नाव लावून विकता येत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांचं बी असंच राखलं आणि वाटलं, २०२० च्या पद्मश्री यादीत त्यांचं नाव आलं. परदेशातल्या भावाबहिणींना मात्र पाकिटात घालून बी पाठवू नका. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांत ते सीमेवर अडवून नष्ट करतात, दंडही होतो, आणि बाहेरून आपल्याकडे बी मागवायलाही आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्यांना पाठवायचं तर पाककृती पाठवा, तिथल्या भारतीय दुकानात पडवळ मिळतं.

जागेबद्दल मघाशी ओझरतं बोललो. कारवी आठ वर्षांनी एकदम फुलते. मुंबईच्या आसपास २०१६ ला फुलली, २०२४ ला फुलली, आता २०३२. काजव्यांचा हंगाम मेअखेर ते जूनमधला. अशा वेळी नेमकी जागा उघड गटावर टाकली की आठवड्यात गाड्यांची रांग लागते. काजव्यांच्या माद्या आणि अळ्या जमिनीलगत असतात, त्या टायरखाली आणि पायांखाली जातात. गाड्यांच्या दिव्यांनी नर-मादीचे इशारेच एकमेकांना दिसत नाहीत. तालुक्याचं नाव पुरे. जवळच्या मित्राला जागा दाखवायची तर बोलावून दाखवा. बिबट्याचे व्हिडिओ आले तर आधी विचारा: कधीचा, कुठला, कुणी स्वतः काढला? तिन्हींची उत्तरं नसतील तर पुढं पाठवू नका. खरंच दिसला असेल तर वन खात्याचा १९२६ हा क्रमांक आहे.

बोलावण्यावरून आठवलं. फोनवरचा मित्र पहिल्यांदा घरी येणार असेल, तर त्याला आधी चार गोष्टी लिहून पाठवा. शेवटची एसटी किती वाजता आणि ती चुकली तर काय. घोट्यापर्यंत बूट आणि स्वतःचा टॉर्च, कारण मोबाइलच्या उजेडात फुरसं दिसत नाही. संडास घराबाहेर आहे का. नेहमीच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या, ओढ्याला पाणी आलं तर अडकायला होतं. पायाला जखम असेल तर भातलावणीच्या चिखलात उतरायचं नाही, लेप्टोच्या तापाचा जंतू तिथूनच शिरतो. आणि घरी गेल्यावर पंधरा दिवसांत ताप आला, तर डॉक्टरांना 'मी कोकणात चिखलात होतो' हे आधी सांगायचं. शहरातल्या डॉक्टरांच्या ते पटकन डोक्यात येत नाही.